तीन डब्यांवरचं गाव

वकीलबाई घाईत होत्या. चष्म्याची उजवी काडी निखळली होती आणि ती त्यांनी मुठीत आवळून आणली होती, पडलेला दात डॉक्टरला दाखवायला आणावा तशी. दुकान नुकतंच उघडलं होतं, आरशांवरची धूळसुद्धा पुसायची होती. चष्मेवाल्याने काउंटरवर मऊ कापड अंथरलं, त्यावर फ्रेम आडवी निजवली आणि भिंगाची नळी डोळ्याला लावून बिजागरीत डोकावला. स्क्रू झिजला होता, बाकी काही नव्हतं.

"पाच मिनिटांत होईल ना काका? विमान गाठायचंय."

"होईल की. कुठं स्वारी?"

बाईंनी शहराचं नाव घेतलं. चष्मेवाल्याचा हात नव्या स्क्रूच्या डबीवर क्षणभर थांबला, कारण ते शहर त्याच्या ताईचं होतं.

"मग चार दिवस तरी मुक्काम असेल," तो म्हणाला.

"चार दिवस? काहीतरीच काय! दुपारी कोर्टात तारीख आहे, संध्याकाळच्या विमानानं परत. जेवायला घरी. सव्वा तासाचं तर विमान आहे हो. मला घरून इथल्या कोर्टात पोचायला याहून जास्त वेळ लागतो, तेही उभ्यानं."

त्या स्वतःच्याच बोलण्यावर हसल्या. आणि चष्मेवाल्याच्या चिमट्यातून तो स्क्रू सुटला. त्याच्या हातून असं कधी काही सुटत नसे. त्याने काउंटरवरून लोहचुंबक फिरवलं, वाकून जमिनीवरून फिरवलं, गुडघे टेकून कपाटाखालून फिरवलं. खाली वाकलेला असताना त्याला बरं वाटलं, कारण तिथे त्याचं तोंड कुणाला दिसत नव्हतं. वर येऊन त्याने दुसरा स्क्रू बसवला, काड्या मिटून उघडून पाहिल्या, चष्मा बाईंच्या कानांवर ठेवला आणि आयुष्यभराच्या सवयीने विचारलं, "टोचत नाही ना कुठं?" बाई नाही म्हणाल्या आणि गेल्या. टोचत होतं ते दुसरीकडेच.

आता सव्वा तास म्हणजे काय, हे कुणी त्याला सांगायला नको होतं. महिन्यातून एकदा तो काचांच्या घाऊक व्यापाऱ्याकडे शहराच्या दुसऱ्या टोकाला जाई, त्याला दोन बस बदलून याहून जास्त लागे. सव्वा तासात दोन माणसांचे नंबर काढून होतात, तिसऱ्याला चहा विचारून होतो. पण ताईचं शहर त्याच्या मनात कधी तासांत बसलंच नव्हतं. त्यांच्या घरात अंतर डब्यांत मोजायची पद्धत होती. वडील गोदामावर कारकून होते, प्रवासाचे शौकीन नव्हते. पण कुठं जायची वेळ आलीच तर आई पितळी डबे भरायला घेई आणि वाटेत किती डबे संपतील त्यावर गाव किती लांब ते ठरे. मावशीचं गाव एका डब्यावर. आजोळ दोन डब्यांवर. कुणी पाहुणा आपलं गाव अमुक इतके मैल म्हणाला की वडील स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारत, "म्हणजे किती गं?" आणि आई आतून सांगे, "दीड." ताई लग्न होऊन ज्या शहरात गेली ते तीन डब्यांवर होतं. असं गाव घरात आधी नव्हतं. पहिला डबा गाडी सुटल्या सुटल्या भूक नसताना खायचा, निघाल्याचं दुःख गिळायला म्हणून. दुसरा गाडी बदलायच्या स्टेशनावर, बाकावर बसून, एक डोळा सामानावर ठेवून. आणि तिसरा खायचा तेव्हा त्यातलं सगळं एकमेकांच्या वासाचं झालेलं असे, तो संपला की प्रवास संपेल एवढ्या आशेवर खायचा. ताईला पोचवून वडील परत आले तेव्हा तिन्ही डबे धुऊन, एकात एक घालून त्यांनी ओट्यावर ठेवले आणि म्हणाले, "लांब दिली पोरीला." त्या दिवसापासून त्या शहराचं नाव घरात कुणी घेतलं नाही. त्याला लांब असंच म्हणायचं. लांबचा फोन आला. लांब पाऊस आहे म्हणे. लांबची मंडळी बरी आहेत.

आई गेली, वडील गेले, डबे त्याच्याकडे आले, आणि त्यांच्याबरोबर हा शब्दही आला. दर रविवारी सकाळी ताईचा फोन येई. दोघं गुडघ्यांविषयी बोलत, भावांविषयी बोलत, म्हणजे बाजारभावांविषयी. सख्खा भाऊ तर तो एकटाच होता. मग बोलणं आटलं की दोघांपैकी कुणीतरी म्हणे, "भेटायला पाहिजे रे एकदा," आणि दुसरं लगेच म्हणे, "हो ना, पण लांब पडतं." कीर्तनाच्या शेवटी सगळ्यांनी मिळून एकच ओळ म्हणावी तसं ते झालं होतं. ती म्हटली की फोन ठेवता येई. आणि गेल्या रविवारी त्या ओळीच्या आधी ताई म्हणाली होती, "माझं ठरलं बरं का बारक्या. शनिवारी निघते. लेकाकडे, परदेशात. हे घर विकलं त्यानं."

"किती दिवस?"

"घर विकल्यावर दिवस कसले मोजतोस रे? कायमची."

"बरं झालं," तो म्हणाला होता. काय म्हणाला होता तो! "बरं झालं, तुझी काळजी मिटली."

"हो," ताई म्हणाली. "आणि हे बघ, धावत यायचं मनात आणू नकोस. लांब पडतं." आणि फोन ठेवताना ती थोडी थांबली होती. तेवढं थांबणं त्याने ऐकलं होतं, ऐकून बाजूला ठेवलं होतं, आणि आज एका परक्या बाईच्या चष्म्याची काडी लावताना ते त्याच्या पुढ्यात येऊन पडलं.

त्या दिवशी गिऱ्हाईकं येत राहिली. अंधाऱ्या खोलीत माणूस खुर्चीत बसे, हनुवटी टेकवी, आणि तो एकामागून एक काचा सरकवत विचारत राही, हे बरं की मघाचं? हे बरं की मघाचं? माणसं गोंधळत. दोन्ही सारखंच वाटतं म्हणत. एक आजोबा म्हणाले, "अहो, तुम्हीच सांगा ना काय बरं ते." एरवी तो हसला असता. आज मात्र काच हातात धरून तो नुसताच उभा राहिला. भांडण असतं तर किती बरं झालं असतं, त्याच्या मनात आलं. भांडण मिटवता येतं, कुणाला मध्ये घालता येतं, एक जण चुकलेला असतो. इथे काहीच नव्हतं. इथे नुसता एक शब्द होता, आणि तो शब्द सकाळी सव्वा तासाचा निघाला होता.

पण देवाच्या दारात खोटं कशाला बोला, निव्वळ शब्द नव्हताच. त्याची बायको गेली तेव्हा ताई आली होती. तेव्हा विमान नव्हतं, तीन डब्यांचा प्रवास करून आली आणि महिनाभर राहिली. त्या महिन्यात तिने त्याला पाहिलं. मोरीच्या दाराशी उकिडवा बसून, बायकोचा कंगवा हातात धरून तो हुंदके देत होता ते पाहिलं. तीन दिवस तोच सदरा घालून तो भिंतीकडे तोंड करून पडला होता ते पाहिलं. एकदा तिने त्याला घास भरवला होता, पन्नाशीच्या माणसाला, आणि त्याने तो खाल्ला होता. ती परत गेल्यावर त्याने स्वतःला हळूहळू जुळवून घेतलं. एखादी वाकडी झालेली फ्रेम गरम मण्यांच्या पेटीत धरून, थोडी थोडी वाकवून सरळ करतात तसं. उठायची वेळ ठरवली, दोन सदरे इस्त्रीचे ठेवले, दुकानात विनोद करायला लागला. लोक म्हणाले, काका सावरले. आणि मग त्या सावरलेल्या माणसाला त्या एकाच बाईच्या समोर जायची भीती वाटायला लागली, जिने तो मोडलेला पाहिला होता. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत पाहणाऱ्याला स्वतःकडे पाहणारं कुणी नको होतं. फोनवर बरं असतं. फोनला डोळे नसतात.

संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी तो शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे गेला. झेरॉक्सवाला तिकिटंही काढून देई, आणि त्याची जीभ त्याच्या यंत्रापेक्षा जोरात चाले.

"काका आणि विमान? कुणाला पळवून आणताय का काय?"

"ताईकडे जायचंय. तू काढ गुपचूप."

झेरॉक्सवाल्याने दोन शहरांची नावं टाकली. पडद्यावर नकाशा आला आणि नकाशावर एक बारीक वाकडी रेघ, कुणी घाईत शिवण घालून दोरा तोडावा तशी. "हे बघा, सरळ अंतर एवढं. वेळ सव्वा तास. त्यातही चढायला अन् उतरायलाच निम्मा जातो काका. मधे म्हणाल तर विमान जरासंच उडतं." तो हसला. चष्मेवाला त्या रेघेकडे पाहत राहिला. वडिलांनी हे पाहिलं असतं तर स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं असतं, म्हणजे किती गं? आणि आईला पहिल्यांदाच काही सांगता आलं नसतं.

गुरुवारी पहाटे त्याने डबे भरले. भरायला नकोत हे त्याला कळत होतं, पण त्या शहराकडे रिकाम्या हाताने निघायला पाय उचलेना. तिन्ही भरले. विमानतळावर पिशवी यंत्रातून गेली आणि पलीकडच्या गणवेशातल्या बाईंनी ती उघडायला लावली.

"काका, तिन्ही डबे खायचेच? किती दिवसांचा प्रवास आहे?"

"सव्वा तास."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, डब्यांकडे पाहिलं. "भूक मोठी दिसते तुमची," त्या म्हणाल्या आणि झाकणं नीट लावून दिली. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. त्याला राग आला नाही. खरंच होतं ते.

विमान वर चढलं तेव्हा त्याचे कान गच्च बसले आणि त्या बहिरेपणात लहानपण आपोआप वर आलं. आई दोघांना संध्याकाळी गाऊन कथा सांगणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे नेई. तो बहुतेक ताईच्या मांडीवर झोपून जाई, तिच्या झग्याला साबणाचा वास येई आणि गाणं तिच्या पोटातून आल्यासारखं घुमे. एकदा गाता गाता त्या गृहस्थांनी थांबून विचारलं होतं, "सांगा, देव किती लांब आहे?" कुणी म्हणालं समुद्रापलीकडे, कुणी वर बोट केलं, एक पंडित बराच वेळ काहीतरी सांगत राहिले. आणि त्याच्या डोक्यावर, त्याच्या केसांत हात ठेवून बसलेली दहा वर्षांची ताई खणखणीत आवाजात म्हणाली होती, "हाकेवर." म्हाताऱ्याने डोळे मिटले. मग तोच शब्द उचलून तो गायला लागला, पुढची कथा राहिली बाजूला, हाकेवर, हाकेवर, हाकेवर, सगळी माणसं डोलायला लागली आणि अर्धवट झोपेत त्याला वाटलं होतं की हे सगळं त्याच्या ताईने केलं. खिडकीबाहेर ऊन पडलेले ढग होते, धुतलेल्या कापसासारखे, आणि त्याला वाटलं, हाक तर तिने दर रविवारी मारली. दर रविवारी सकाळी. मीच ती हाक फोन समजलो.

शेजारचा माणूस तोंड उघडं टाकून झोपला होता. कुणीतरी कॉफी आणून दिली. ताईला भेटल्यावर काय बोलायचं ते तो जुळवायला लागला. पहिलं वाक्य सापडत नव्हतं. जुन्या प्रवासात त्याची गरज पडत नसे. पहिल्या डब्यापर्यंत माणूस दुकानदार असे, दुसऱ्याला तो कुणीच नसे, धुळीने माखलेला नुसता उतारू, आणि तिसरा डबा खाऊन तोंड धुतलं की भाऊ होऊनच स्टेशनावर उतरे. वाट ते काम करी. इथे त्याने कॉफीचा दुसरा घोट घेतला तोच पट्टे बांधायची सूचना आली. कान दुखले, चाकं जमिनीला लागली, शेजारचा माणूस जागा होऊन म्हणाला, "आलं पण?" चष्मेवाल्याचं मन अजून घराचं कुलूप ओढून पाहत होतं.

विमानातून उतरून तो गाडी करून निघाला नाही. आगमनाच्या दालनात एका बाकावर बसला. माणसं येत होती, मिठ्या मारत होती, फोनवर ओरडत होती. त्याने पहिला डबा काढला आणि सावकाश खाल्ला. मग दुसरा उघडला, पण दोन घासांनंतर जाईना. आपण काय करतोय हे त्याला कळत होतं: तो अंतर खात होता. जे वाटेत कापलं गेलं नव्हतं ते बसल्या जागी पुरं करत होता. फरशी पुसणारी बाई त्याच्या पायांशी दोनदा येऊन गेली, तिसऱ्यांदा थांबली.

"काका, कुणी न्यायला यायचंय का? फोन लावून देऊ?"

"नाही नाही. मी आलोच आहे." मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून, का कोण जाणे, तो खरं बोलून गेला. "पोचलो नाही अजून, एवढंच."

"पाय उचला मग," ती म्हणाली. "तेवढ्यात पुसून घेते."

ताईचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. जिन्यात पुठ्ठ्याची खोकी रचलेली होती, एका दाराबाहेर उलटी खुर्ची होती, तेच तिचं दार. घंटेचं बटण काढून नेलं होतं, नुसत्या दोन तारा होत्या. त्याने कडी वाजवली. आतून पावलं आली, तो ओळखत होता त्यापेक्षा हळू.

"भंगारवाले का? दुपारी या म्हटलं होतं ना!"

"मी आहे," तो म्हणाला.

आतून कडी निघाली. मग दार उघडलं. ताई लहान झाली होती. केस इतके विरळ, की खालचं डोकं दिसत होतं. कमरेला फडकं खोचून ती खोकी बांधत होती, हाताला चिकटपट्टी लागलेली. तिने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, पिशवीतून वर आलेल्या पितळेच्या कडीकडे पाहिलं.

"बारक्या," ती म्हणाली. "कधी निघालास?"

काल, असं म्हणता आलं असतं. ते तोंडाशी आलंही. पण त्याने तोंड उघडलं आणि निघालं ते खरंच. "आज सकाळी."

"हो," ताई म्हणाली. "सव्वा तास लागतो."

तिने ते अगदी सहज म्हटलं, दुधाचा भाव सांगावा तसं. चष्मेवाल्याने दाराच्या चौकटीला हात लावला.

"तुला माहीत होतं?"

"विमान सुरू झालं तेव्हाच लेकानं सांगितलं होतं. 'मामाला सांग' म्हणाला. किती वर्षं झाली."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर न यायला तुझ्याजवळ काय उरलं असतं रे? 'लांब पडतं' एवढंच तर होतं तुझ्यापाशी. तेही काढून घेऊ?"

त्याने उंबरा ओलांडला. आत खुर्च्या नव्हत्या. तो एका बांधलेल्या खोक्यावर बसला, खोकं जरा चेपलं, आणि ती त्याच्यासमोरच्या खोक्यावर बसली. खाली रस्त्यावरून वाहनं जात होती. भिंतींवर फोटोंच्या जागी चौकोन उरले होते, बाकीच्या रंगापेक्षा ताजे.

"मी गेले होते ना तुझ्याकडे," ताई म्हणाली, "तेव्हा तुझी मला तोंड दाखवायची हिंमत गेली. मला कळलं होतं ते गाडीत बसल्यावरच. स्टेशनावर तू माझ्या बॅगेकडे बघत उभा होतास, माझ्याकडे नाही. पण मला काय दिसलं होतं असं भयंकर? माझा भाऊ रडत होता. एवढंच ना?"

त्याचं नाक वाहायला लागलं, आणि इस्त्रीच्या सदऱ्याच्या बाहीने त्याने ते पुसलं. ताईने ते पाहिलं. त्याने तिला पाहू दिलं.

मग ती उठली, ओट्यावर उरलेल्या एकाच भांड्यात चहा केला, एकाच कपात ओतला आणि कप दोघांच्या मधल्या खोक्यावर ठेवला. त्याने आपला फोन खिशातून काढून कपाशेजारी ठेवला, बसताना टोचत होता म्हणून. ताईने कपातला घोट घेऊन त्याच्याकडे सरकवला.

"परत कधीचं?" तिने विचारलं.

परतीचं तिकीट आज संध्याकाळचंच होतं. त्याने स्वतःच तसं काढायला सांगितलं होतं, वकीलबाई सांगत होत्या तसं, जेवायला घरी. "काढलं नाही अजून," तो म्हणाला.

आणि त्याच वेळी फोन उजळला. पडद्यावर मोठ्या अक्षरांत निरोप होता, की आपलं आज सायंकाळचं विमान वेळेवर सुटेल. माणसाला अक्षर वाचता आलं की नाही हे त्याच्या डोळ्यांवरून सांगणं हा चष्मेवाल्याचा आयुष्यभराचा धंदा. ताईचे डोळे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले, खालच्या ओळीवर उतरले आणि थांबले. तिने वाचलं होतं. चष्म्याशिवाय, सगळं.

तिने हात पुढे केला आणि फोन पालथा घातला.

"नाही काढलंस ते बरं केलंस," ती म्हणाली. "शनिवारपर्यंत आहेच मी. पण गाद्या देऊन टाकल्या रे सगळ्या. खाली झोपशील ना?"

"झोपेन."

"बघ हं. थंड लागते फरशी," ताई म्हणाली, आणि बांधून झालेल्या खोक्यांपैकी पांघरुणं कुठल्यात गेली ते आठवत, एकेकाची पट्टी ओढून काढायला लागली.